परदेशी विमा कंपनी बुडाल्यावर नाशिकमधून दावा कसा लावावा

सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील बहुतेक कारखानदार आपला विमा भारतीय कंपनीकडेच उतरवतात आणि कायद्याचीही तीच अपेक्षा आहे. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम २सीबीनुसार भारतातील मालमत्तेचा विमा नियामकाच्या पूर्वपरवानगीशिवाय परदेशी कंपनीकडे उतरवता येत नाही, आणि हे कलम मोडल्यास पाच कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असे असूनही परदेशी विमा कंपनीशी गाठ पडण्याचे प्रसंग येतातच. सीआयएफ अटीवर, म्हणजे किमतीतच विमा आणि जहाजभाडे धरून, मागवलेल्या यंत्राचा विमा विक्रेत्याने त्याच्या देशात उतरवलेला असतो. परदेशात नोकरीला असलेल्या मुलाने तिथे घेतलेल्या आयुर्विम्यात इथल्या आईवडिलांचे नाव लाभार्थी म्हणून असते. अशी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि आपला दावा अजून चुकता झालेला नसला, तर काय करायचे ते इथे क्रमाने सांगितले आहे.

देशोदेशींची न्यायालये अशा प्रकरणांत एकमेकांना सहकार्य करतात हे खरे आहे. मात्र ते सहकार्य प्रामुख्याने कंपनीची मालमत्ता, कागदपत्रे आणि साक्षीपुरावे यांच्याबाबत असते आणि ते लिक्विडेटरच्या, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता गोळा करून देणी वाटणाऱ्या अवसायकाच्या, मागणीवरून सुरू होते. नाशिकमधील धनकोला शोधत कोणतेही न्यायालय येत नाही. म्हणून दावेदाराने स्वतः, मुदतीच्या आत, कंपनीच्या मूळ देशातील लिक्विडेटरकडे दावा दाखल केला पाहिजे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका कामाभोवती आखल्या पाहिजेत.

कंपनी नेमकी कोणत्या देशाची?

समजा, अंबडमधील एका कारखान्याने युरोपातून एक सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्र सीआयएफ अटीवर मागवले, न्हावा शेव्याला उतरून ते कसारा घाटातून नाशिकला आले आणि खोके उघडल्यावर स्पिंडलचे नुकसान झालेले दिसले. सर्व्हेअर येऊन गेला, अहवाल झाला, आणि दावा मंजूर होण्याआधीच कंपनीचा परवाना रद्द झाल्याची बातमी आली. अशा वेळी विमा प्रमाणपत्र हातात घेऊन ते दोन्ही बाजूंनी वाचावे. वर मोठ्या अक्षरात छापलेले नाव पुष्कळदा ब्रोकरचे किंवा एजंटाचे असते, तर प्रत्यक्ष जोखीम घेणाऱ्या कंपनीचे नाव, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीकृत पत्ता खाली बारीक अक्षरात असतो. आपल्याला हवा तो हा बारीक मजकूर. पॉलिसी शाखेने दिली असेल तर सहसा मूळ कंपनीच्या देशातील कार्यवाही लागू होते. ती स्वतंत्र उपकंपनीने दिली असेल तर तो वेगळा ऋणको असतो आणि त्याची कार्यवाहीही वेगळी असते.

देश कळला की तिथला विमा दिवाळखोरीचा कायदा पाहावा लागतो, आणि इथेच अनेक वकीलसुद्धा चुकीच्या दिशेने जातात. सीमापार दिवाळखोरी म्हटले की संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाचा १९९७ चा आदर्श कायदा आठवतो, जो साठाहून अधिक देशांनी कमीअधिक फेरफार करून स्वीकारला आहे. परंतु त्याच कायद्याच्या पहिल्याच अनुच्छेदात बँका आणि विमा कंपन्या यांसारख्या संस्थांना वगळण्याची मुभा आहे, आणि अनेक देशांनी ती वापरली आहे. युरोपीय संघाचा २०१५ चा दिवाळखोरी विनियमही विमा कंपन्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी सॉल्व्हन्सी टू या २००९ च्या निर्देशातील स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यानुसार कंपनीच्या गृहदेशातील अधिकाऱ्यांनाच समापनाची, म्हणजे कंपनी बंद करून देणी वाटण्याची, कार्यवाही सुरू करता येते व ती संघातील इतर सर्व देशांत मान्य होते. अमेरिकेत देशी विमा कंपनी संघीय दिवाळखोरी कायद्याखाली येतच नाही. तिचे काम संबंधित राज्याचा विमा आयुक्त त्या राज्याच्या न्यायालयाच्या देखरेखीखाली पाहतो. परदेशी विमा कंपनीच्या लिक्विडेटरला मात्र तिथल्या संघीय दिवाळखोरी कायद्याच्या पंधराव्या प्रकरणाखाली संघीय न्यायालयाकडून मान्यता मागता येते. त्यातही राज्यांच्या विमा कायद्यानुसार अमेरिकेतील दावेदारांसाठी ठेवलेल्या ठेवींना आणि विश्वस्त निधींना ते न्यायालय हात लावू शकत नाही, त्यामुळे कंपनीच्या ताळेबंदात दिसणारी अमेरिकेतील रक्कम आपल्या वाट्याला येईल असा हिशेब करू नये.

सूचना कुठे पाहावी हेही देशावर ठरते. युरोपीय संघातील समापनाच्या निर्णयाचा सारांश संघाच्या अधिकृत राजपत्रात छापावा लागतो. ज्ञात धनकोंना व्यक्तिशः कळवण्याची जी तरतूद निर्देशात आहे ती सदस्य देशांत राहणाऱ्या धनकोंसाठी आहे. नाशिकच्या पत्त्यावर पत्र येईलच असे गृहीत धरू नये. लिक्विडेटरचे संकेतस्थळ, त्या देशाच्या विमा नियामकाचे संकेतस्थळ आणि ब्रोकर या तीन ठिकाणी पहिल्याच आठवड्यात लेखी चौकशी करावी आणि दावा दाखल करण्याची शेवटची तारीख लेखीच मागून घ्यावी. त्याच पत्रात त्या देशात पॉलिसीधारकांसाठी हमी निधी आहे का आणि तो परदेशातील, किंवा कंपनी म्हणून असलेल्या, दावेदाराला लागू होतो का, हेही विचारावे. अनेक निधी मोठ्या व्यावसायिक दाव्यांना संरक्षण देत नाहीत.

आपली जागा कोणत्या रांगेत आहे

दिवाळखोर विमा कंपनीचे पैसे सर्वांना सारखे वाटले जात नाहीत. सॉल्व्हन्सी टूनुसार विमाधारक, पॉलिसीधारक, लाभार्थी आणि थेट दाव्याचा हक्क असलेली नुकसानग्रस्त व्यक्ती यांच्या दाव्यांना प्राधान्य द्यावेच लागते. ते नेमके कसे द्यायचे याचे दोन पर्याय प्रत्येक सदस्य देशासमोर ठेवलेले आहेत. ब्रोकरचे कमिशन, सर्व्हेअरची फी किंवा पुनर्विम्याचा (विमा कंपनीने आपली जोखीम दुसऱ्या कंपनीकडे उतरवण्याचा) दावा हे सहसा या रांगेत बसत नाहीत. म्हणून आपण नुसते येणेकरी नसून विमा करारातील हक्कदार आहोत, हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात कागदासह दाखवावे.

सीआयएफ व्यवहारात हे दाखवण्याचा कागद म्हणजे विमा प्रमाणपत्र आणि त्याच्या पाठीवरचे पृष्ठांकन. विमा विक्रेत्याच्या नावाने असतो. त्याने सही-शिक्का करून तो खरेदीदाराला दिला की हक्क आपल्याकडे येतो. पृष्ठांकन राहून गेले असेल तर आजच विक्रेत्याला लिहून ते करून घ्यावे, कारण वर्षभराने विक्रेत्याचा निर्यात विभाग असे पत्र सापडवण्याच्या मनःस्थितीत नसतो. दुसरी तपासणी अंतिम ठिकाणाच्या रकान्याची. गोदाम ते गोदाम संरक्षण प्रमाणपत्रात लिहिलेल्या ठिकाणच्या अंतिम गोदामापर्यंत चालते. त्या रकान्यात फक्त ‘न्हावा शेवा’ लिहिले असेल आणि नुकसान घाटात झाले असेल, तर लिक्विडेटर दावा नाकारू शकतो. तिसरी तपासणी संरक्षणाच्या प्रकाराची. इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापार अटींनुसार सीआयएफमध्ये विक्रेत्याने किमान ‘सी’ कलमांचा, म्हणजे सर्वांत मर्यादित संरक्षणाचा, विमा द्यायचा असतो, आणि ती कलमे पुष्कळ साध्या नुकसानींना लागू होत नाहीत. दाव्याचा पायाच कच्चा असेल तर परदेशातील वकिलावर खर्च करण्यापूर्वी तो लक्षात आलेला बरा.

न्यायालये एकमेकांना कशी लिहितात

रांगेचा प्रश्न दोन देशांत वेगळा असला की न्यायालयीन सहकार्याची खरी परीक्षा होते. ऑस्ट्रेलियातील एचआयएच हा विमा समूह मार्च २००१ मध्ये कोसळला. त्यातील चार कंपन्यांची काही मालमत्ता, मुख्यतः पुनर्विम्याची येणी, इंग्लंडमध्ये होती. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात पुनर्विम्याच्या पैशांवर विमाधारकांचा पहिला हक्क होता, तर त्या वेळी या कंपन्यांना लागू असलेल्या इंग्लिश कायद्यात तो नव्हता. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने इंग्लिश उच्च न्यायालयाला विनंतीपत्र पाठवून हे पैसे ऑस्ट्रेलियन लिक्विडेटरांकडे पाठवण्याची मागणी केली. आधार होता इंग्लंडच्या १९८६ च्या दिवाळखोरी कायद्यातील कलम ४२६, ज्यानुसार ठरावीक देशांच्या न्यायालयांना साहाय्य करायचे असते. उच्च न्यायालयाने नकार दिला, अपील न्यायालयानेही दिला, आणि शेवटी एप्रिल २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, ती मागणी मान्य केली. निष्कर्षावर एकमत होते. कारणांवर नव्हते: लॉर्ड हॉफमन यांनी एका कंपनीची एकच वाटणी व्हावी या व्यापक तत्त्वावरही भर दिला, तर काही न्यायमूर्तींनी फक्त कलम ४२६ चा आधार पुरेसा व आवश्यक मानला.

या निकालातून इथल्या दावेदाराने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, विनंतीपत्र हे एका न्यायालयाने दुसऱ्याला लिहिलेले पत्र आहे. दावेदार ते स्वतः पाठवू शकत नाही, पण त्यासाठी लिक्विडेटरला लेखी आग्रह करू शकतो. दुसरी, कलम ४२६ च्या यादीत ऑस्ट्रेलिया आहे, भारत नाही. त्यामुळे मुंबईतील न्यायालयाचे पत्र लंडनमध्ये त्याच कलमाखाली चालेल असे कोणी सांगितले तर ते बरोबर नाही.

सहकार्याची दुसरी पद्धत म्हणजे दोन्ही न्यायालयांनी मान्य केलेला लेखी शिष्टाचार, ज्याला व्यवहारात प्रोटोकॉल म्हणतात. मॅक्सवेल या ब्रिटिश प्रकाशन समूहाच्या प्रकरणात १९९१-९२ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडनच्या न्यायालयांनी असा प्रोटोकॉल मंजूर केला, आणि लंडनमध्ये तेव्हा न्यायाधीश हॉफमनच होते. २०१६ मध्ये सिंगापूरच्या पुढाकाराने जमलेल्या न्यायाधीशांनी न्यायालयांमधील संवादाची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. भारतात याचे ठळक उदाहरण जेट एअरवेजचे आहे: मुंबईतील राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने जून २०१९ मध्ये नेदरलँड्समधील कार्यवाही मान्य केली नव्हती, परंतु अपिलात सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय निराकरण व्यावसायिक (दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणारी व्यक्ती) आणि डच विश्वस्त यांच्यातील प्रोटोकॉल मंजूर झाला. ती विमान कंपनी होती, विमा कंपनी नव्हती, त्यामुळे या उदाहरणाचा उपयोग दिशा समजण्यापुरता करावा. प्रोटोकॉल झाला असेल तर त्याची प्रत लिक्विडेटरकडून मागवावी, कारण एकच दावा दोन्हीकडे लावायचा की एका ठिकाणी लावलेला दुसरीकडे ग्राह्य धरला जाणार, हे अनेकदा त्यातच लिहिलेले असते.

दाव्याची फाइल

दाव्याचा अर्ज दोन-तीन पानांचाच असतो. वेळ लागतो तो त्यामागच्या कागदांना. पृष्ठांकित विमा प्रमाणपत्र, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), बीजक, बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काचा आयात कागद), सर्व्हेअरचा अहवाल, दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि बिले, विमा कंपनीशी झालेला सर्व पत्रव्यवहार, आणि माल ताब्यात घेताना वाहतूकदाराच्या पावतीवर लिहिलेला शेरा, एवढे तारखेच्या क्रमाने लावावे. पोलिसांचा पंचनामा किंवा अग्निशमन दलाचा दाखला मराठीत असेल तर त्याचा प्रमाणित अनुवाद जोडावा. ज्याच्या सहीने अर्ज जाणार त्याच्या नावे संचालक मंडळाचा ठराव घ्यावा. प्रतिज्ञापत्र किंवा मुखत्यारपत्राला अपोस्टिल (परदेशात चालणारे सरकारी साक्षांकन) लागेल का, हे आधी लिक्विडेटरला विचारावे. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात असल्याने करार मानणाऱ्या बहुतेक देशांसाठी दूतावासाच्या साक्षांकनाची गरज पडत नाही. परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते, पण त्याआधी नोटरी आणि राज्य पातळीवरील साक्षांकन, व्यापारी कागद असल्यास वाणिज्य मंडळाचे साक्षांकन, अशा पायऱ्या असतात आणि त्यांत दिवस जातात.

रक्कम लिहिताना बहुतेक देशांत समापनाच्या आदेशाच्या तारखेचा विनिमय दर धरतात आणि व्याजही त्या तारखेपर्यंतचेच मोजतात. म्हणून मूळ रक्कम, चलन आणि व्याज वेगवेगळे दाखवावे. दुरुस्ती पूर्ण झाली नसेल तर अंदाजे रक्कम टाकून ‘पुढे सुधारण्याच्या अधीन’ असे नमूद करावे. अंतिम आकड्याची वाट पाहून मुदत चुकवण्यापेक्षा हे कधीही चांगले. देय हप्ता बाकी असल्यास तो लपवू नये. लिक्विडेटर वजावट करणारच असतो. अर्ज ई-मेलने पाठवला तरी मूळ प्रत कुरियरने पाठवावी आणि पोच जपून ठेवावी.

दावा दाखल करण्यापूर्वी एक धोका तपासावा. न्यू कॅप ही ऑस्ट्रेलियन पुनर्विमा कंपनी बुडाली तेव्हा बुडण्याच्या थोडे आधी तिने लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारातील एका सिंडिकेटला (विमा घेणाऱ्या गटाला) मोठी रक्कम चुकती केली होती. ऑस्ट्रेलियन न्यायालयाने ती परत करण्याचा आदेश दिला. आपण त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात नाही असे सिंडिकेटचे म्हणणे होते, परंतु ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये ठरवले की सिंडिकेटने त्याच कार्यवाहीत दावे दाखल करून आणि धनकोंच्या सभांत भाग घेऊन ते अधिकारक्षेत्र मान्य केले होते. भारतीय न्यायालय तंतोतंत असेच म्हणेल असे नाही, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ खाली परकीय निकालाची बंधनकारकता तपासताना अधिकारक्षेत्राचा प्रश्न येतोच. कंपनी कोसळण्यापूर्वीच्या काही महिन्यांत तुम्हाला तिच्याकडून तडजोडीची रक्कम मिळाली असेल आणि उरलेल्या रकमेचा दावा लहान असेल, तर आधी वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. इतरांनी ही भीती मनात धरू नये.

भारतातील न्यायालयांकडून काय मिळू शकते

नाशिकच्या दिवाणी न्यायालयात परदेशी विमा कंपनीवर वेगळा दावा लावून हुकूमनामा मिळवावा, हा सल्ला मला योग्य वाटत नाही. कंपनीची भारतात मालमत्ता नसेल तर त्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी परदेशातच करावी लागणार, आणि तिथे समापन सुरू झाल्यावर वैयक्तिक कार्यवाही बहुधा थांबवलेली असते. दिवाळखोरी संहिता, २०१६ चाही आधार इथे तोकडा आहे. विमा करार करणारी संस्था ही वित्तीय सेवा पुरवठादार असल्याने संहितेच्या सर्वसाधारण कार्यवाहीबाहेर आहे, आणि परदेशांशी करार करण्याबाबतचे कलम २३४ व विनंतीपत्राचे कलम २३५ हे तसे करार झाल्याशिवाय कामाला येत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात सीमापार दिवाळखोरीचे नियम करण्याचा अधिकार प्रस्तावित होता, तेव्हा वकिलाकडून संहितेचा सध्याचा मजकूर तपासून घ्यावा. भारतीय विमा कंपनीच अडचणीत आली तर विमा अधिनियमाचे कलम ५२ए (प्रशासकाची नेमणूक) आणि कलम ५३ (न्यायाधिकरणामार्फत समापन) लागू होतात.

भारतीय न्यायालयाचा खरा उपयोग पुराव्यासाठी आहे. लिक्विडेटरने नुकसानीच्या कारणावर वाद घातला आणि परदेशी न्यायालयाला नाशिकच्या सर्व्हेअरची साक्ष हवी असली, तर ते न्यायालय विनंतीपत्र पाठवते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ७८ आणि आदेश २६ मधील नियम १९ ते २२ यांनुसार उच्च न्यायालय साक्षीसाठी आयोग नेमू शकते. नाशिक जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठाखाली येतो. परदेशातून पुरावा मिळवण्याबाबतच्या हेग पुरावा करारातही भारत २००७ पासून सहभागी आहे. म्हणून सर्व्हेअरचा अहवाल, छायाचित्रे आणि बदललेले सुटे भाग भंगारात न देता जपून ठेवावेत.

भारतीय कंपनीकडे विमा असून तिचा परदेशी पुनर्विमाकार बुडाला, तर मात्र वेगळी काळजी करण्याचे कारण नाही. तुमचा करार भारतीय कंपनीशी आहे आणि पुनर्विम्याचे पैसे येवोत न येवोत, तिला तुमचा दावा द्यावाच लागतो. ‘पुनर्विमाकाराकडून पैसे आले की देऊ’ असे पत्र आले तर त्याला लेखी हरकत घ्यावी.

इतर येणी आणि मतदान

विमा कंपनी बुडाली म्हणून जहाज कंपनीची जबाबदारी संपत नाही. सागरी मालवाहतुकीच्या नियमांनुसार तिच्याविरुद्ध दावा लावण्याची मुदत साधारणपणे माल मिळाल्यापासून एक वर्ष असते, आणि विम्याच्या गोंधळात ही मुदत निघून जाण्याचा धोका फार मोठा आहे. ती लेखी वाढवून घ्यावी किंवा दावा लावावा. विक्रेत्यालाही पत्र लिहावे, कारण सीआयएफमध्ये त्याने चांगल्या लौकिकाच्या कंपनीकडे विमा उतरवणे अपेक्षित असते.

ब्रिटिश कंपनी असेल तर समापनाऐवजी धनकोंशी समझोत्याची योजना पुढे येऊ शकते. प्रत्येक वर्गात मतदान करणाऱ्यांपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने ७५ टक्के पाठिंबा मिळाला व न्यायालयाने मंजुरी दिली की ती विरोध करणाऱ्यांवरही बंधनकारक होते. अशा योजनांत अजून निश्चित न झालेल्या दाव्यांची किंमत सूत्राने ठरवून खाते बंद करण्याची तरतूद असू शकते. ती वाचल्याशिवाय, आपल्या वतीने मत देण्यासाठीच्या प्रतिनिधीपत्रावर सही करू नये.

एकाच नुकसानीपोटी जहाज कंपनी, विक्रेता, हमी निधी किंवा दुसऱ्या देशातील कार्यवाही यांपैकी कुठूनही रक्कम मिळाली तर ती लिक्विडेटरला कळवावी. एका देशात हिस्सा घेतलेल्या धनकोला दुसऱ्या देशात त्याच वर्गातील इतरांची बरोबरी होईपर्यंत थांबवण्याचा नियम अनेक ठिकाणी आहे. विमा कंपन्यांची समापने वर्षानुवर्षे चालतात आणि हिस्सा हप्त्याहप्त्याने येतो, म्हणून अर्जात एखाद्या कर्मचाऱ्याचा वैयक्तिक ई-मेल न देता कारखान्याचा कायमचा ई-मेल द्यावा, पत्ता किंवा बँक खाते बदलल्यास त्याच आठवड्यात कळवावे, आणि रक्कम येण्यापूर्वी आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागाला दाव्याची प्रत व लिक्विडेटरचे पत्र देऊन ठेवावे.